लांबच्या परदेशवारीला छोटा कॅमेरा कुठला घ्यावा?

प्रश्न: नमस्कार दादा, मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, शाळेतनं रिटायर झालेय. मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते, मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडं चाललोय ते जुलैच्या शेवटापर्यंत, मधे ती इटली आणि स्वित्झर्लंड फिरवणार म्हणते. फोटोची मला फार आवड, पण आत्तापर्यंत सगळं मोबाईलवरच. मोबाईलवर झूम केलं की फोटो फिस्कटतो, उन्हात स्क्रीनवर काय दिसत नाही, आणि जवळचं बघायला मला चष्मा लागतो. मोठा कॅमेरा गळ्यात नको, मान धरते. जावई म्हणतात नवीन फोनच घ्या, ह्यांचं म्हणणं मेगापिक्सेल जास्त असलेला घे, दुकानदार म्हणतो तीसपट झूमवाला घ्या. खिशात मावेल असा, लाखाच्या आतबाहेर, कुठला घेऊ? आणि तिकडं नेताना काय काळजी घ्यायची तेही सांगा.

उत्तर: नमस्कार बाई. तुम्ही तुमच्या पत्रात चष्म्याचं आणि उन्हाचं लिहिलंत ना, तिथंच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, म्हणून मेगापिक्सेलच्या आधी मी तेच घेतो.

तुम्हाला व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा पाहिजे. म्हणजे डोळ्याला लावून आत बघायची ती छोटी खिडकी. आजकालच्या बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांतनं ती काढूनच टाकलीय, कारण पोरांना स्क्रीनची सवय झालीय, पण ज्याला जवळचा चष्मा लागतो त्याला स्क्रीन हातभर लांब धरून बघावी लागते, हात लांब गेला की कॅमेरा हलतो, कॅमेरा हलला की फोटो हलतो, आणि मग माणूस म्हणतो माझा हातच थरथरतो. हात चांगला असतो हो, धरायची पद्धत चुकते. डोळ्याला कॅमेरा टेकवला की कपाळाचा आधार मिळतो, कोपरं अंगाला लागतात, झूम केलेला फोटोसुद्धा स्थिर येतो. आणि या खिडकीला एक बारीक खटका असतो, डायऑप्टर म्हणतात, तो इकडंतिकडं सरकवला की आतले आकडे तुमच्या डोळ्याला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसायला लागतात. दुकानात कॅमेरा हातात आला की पहिलं हेच करून बघा. चष्मा काढा, खिडकीला डोळा लावा, खटका सरकवत जा आणि आतली बारीक अक्षरं वाचता येतात का बघा, आली तर पुढचं बोला, नाहीतर तो कॅमेरा तुमच्यासाठी नाही, मग भले तो कितीही गाजलेला असू दे.

आता जावईबापूंचं म्हणणं. त्यांचं चूक नाही, नुसते समोरचे सीन आणि घरातले फोटो काढायचे असतील तर चांगला फोन पुरतो, रात्रीचे फोटो तर फोन स्वतःच चार-पाच फोटो एकावर एक रचून असे काढतो की छोट्या कॅमेऱ्याला अवघड जावं. पण तुम्ही झूमचं म्हणताय. साध्या फोनमधलं झूम म्हणजे बहुतेक वेळा फोटोच कापून मोठा केलेला असतो, म्हणून फिस्कटतो. कॅमेऱ्यात लेन्स खरोखर पुढंमागं होते, त्यामुळं लांबचं जवळ येतं तरी बारकावे जात नाहीत. शिवाय तिकडं फोन मॅपला लागतो, तिकिटाला लागतो, मुलीला कुठाय म्हणून विचारायला लागतो, फोटो काढून काढून दुपारी तीनला तो मेला तर परक्या गावात पंचाईत. तीन महिन्यांच्या फिरतीत कॅमेरा वेगळा असलेला बरा, हे माझं स्पष्ट मत.

मेगापिक्सेलचं सांगतो आणि लगेच सोडतो. आज या भावात मिळणारे सगळे छोटे कॅमेरे वीस मेगापिक्सेलच्या आसपासच आहेत. बारा मेगापिक्सेलच्या फोटोचीसुद्धा तेरा इंच बाय दहा इंच अशी कडक प्रिंट निघते. तेव्हा ह्यांना सांगा, तो आकडा बघून निवडायचं नाही.

बघायचा आकडा सेन्सरचा. फोटो ज्या चिपवर उमटतो ती किती मोठी आहे यावर कमी उजेडात फोटो कसा येणार ते ठरतं. तुमच्या दुकानदाराच्या तीसपट झूमवाल्या कॅमेऱ्यात ती साधारण ६ मिलिमीटर बाय साडेचार, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी असते. एक इंची म्हणतात त्या सेन्सरची खरी मापं १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, क्षेत्रफळ चौपट भरतं. (त्याला एक इंची का म्हणतात ते विचारू नका, मापात कुठंच इंच नाही.) उन्हातल्या फोटोत दोघांत फारसा फरक कळणार नाही, पण युरोपात तुम्ही निम्मा वेळ जुन्या चर्चमधे आणि म्युझियममधे असणार, तिथं आत अंधुक उजेड आणि फ्लॅशला बहुतेक ठिकाणी मनाई, तिथं डाळीएवढ्या सेन्सरचा फोटो रवाळ येतो, माणसांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात. म्हणून माझा सल्ला, एक इंची सेन्सरच्या खाली जाऊ नका.

आता या चौकटीत बसणारे कॅमेरे बोटावर मोजण्याएवढेच राहतात. सोनीचा आरएक्स १०० मार्क ७ हा २०१९ चा कॅमेरा, वजन ३०२ ग्रॅम, लेन्स २४ ते २०० मिलिमीटर. २४ म्हणजे रुंद, कोलोनचं ते १५७ मीटर उंच कॅथेड्रल समोरच्या चौकातनं एका फोटोत घ्यायचं तर एवढं रुंद पाहिजेच. २०० म्हणजे मिलानच्या दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या भिंतीवर जे हजारो पुतळे आहेत त्यातला एकच चेहरा खाली उभं राहून उचलता येतो. व्ह्यूफाइंडर बॉडीच्या आत दडलेला असतो, डाव्या कडेचा खटका खाली ओढला की टुणकन वर येतो. तुमच्या सगळ्या अटींत हाच बसतो आणि मी तुम्हाला हाच सांगीन. दोष दोन, किंमत लाखाच्या आसपास किंवा वरच जाते आणि बॅटरी छोटी, एका चार्जिंगला अडीचशेच्या आसपास फोटो.

पैसे वाचवायचे असतील तर पॅनासॉनिकचा टीझेड २०० बघा, कुठं तो झेडएस २०० नावानं मिळतो. सेन्सर तोच एक इंची, लेन्स २४ ते ३६०, व्ह्यूफाइंडर आहे, झूम सोनीपेक्षा जास्त, फक्त लेन्स तेवढा उजेड आत घेत नाही आणि चांगला पीस मिळायला शोधाशोध करावी लागते. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ सध्या पोरापोरींमधे इतका गाजतोय की मागणीपुढं माल कमी पडतोय आणि लोक वाढीव भाव लावतायत. त्याची लेन्स एफ १.८ ची (हा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त), म्हणजे अंधाऱ्या जागी छान, पण झूम १०० मिलिमीटरपर्यंतच आणि व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळं तुमच्यासाठी नाही. दुकानदार जो तीसपटवाला दाखवतोय तो बहुतेक पॅनासॉनिकचा टीझेड ९९ असणार, २४ ते ७२० झूम आहे खरं, पण डाळीएवढा सेन्सर, एफ ३.३ ची लेन्स आणि खिडकी काढून टाकलेली. एफ ३.३ म्हणजे कॅननच्या एफ १.८ च्या मानानं तिसऱ्या हिश्श्याएवढाच उजेड. पक्षी बघायला निघाला असतात तर मीच म्हणलो असतो घ्या. तुम्ही नातवंडांचे आणि चर्चचे फोटो काढणार.

आणि बाई, घ्यायचा तर आत्ताच घ्या, एप्रिलच्या शेवटाची वाट बघू नका. नवीन कॅमेरा विमानतळावर खोक्यातनं काढणारी माणसं असतात, त्यांचे पहिले पंधरा दिवस बटणं शोधण्यातच जातात. तुमच्याकडं सराव करायला अख्खा सातारा पडलाय. सकाळी चार भिंतीच्या टेकडीवर जा, तिथनं खालचं गाव रुंद घ्या, मग अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर पूर्ण झूम करून घ्या आणि घरी टीव्हीवर लावून बघा टॉवरचे गज सुटे दिसतात का. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मोती चौकात या, कंदी पेढ्याच्या दुकानात पिवळे दिवे असतात आणि वर आभाळ निळं असतं, असल्या मिश्र उजेडात कॅमेरा गोंधळतो, पेढे भगवे येतात. मग मेनूत व्हाइट बॅलन्स नावाचं असतं ते ऑटोवरनं बदलून दिव्याच्या चित्रावर ठेवा, परत काढा, फरक तिथल्या तिथं दिसेल. एकदा हे हाताला लागलं की रोमच्या गल्लीत रात्री विचार करावा लागत नाही. फक्त एक करा, मार्च-एप्रिल म्हणजे आपल्याकडं यात्रांचे दिवस, नवीन कॅमेरा यात्रेत न्यायचा मोह होईल पण नेऊ नका. ही लेन्स आतबाहेर सरकते, गुलाल आणि धूळ तिच्या फटीतनं आत गेली की करकर आवाज येतो आणि कधी लेन्स अडकूनच बसते, दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस गप्प होतो.

आता नेण्याचं. जादा बॅटऱ्या दोन घ्या, कंपनीच्याच, आणि त्या मोठ्या बॅगेत टाकू नका, सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हँडबॅगेतच न्यायच्या, पत्र्याला लागून शॉर्ट होऊ नयेत म्हणून प्रत्येक बॅटरी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत. पॉवरबँकलाही हाच नियम. चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, असलं की कुठलाच ट्रान्सफॉर्मर लागत नाही, नाहीतरी जर्मनीत आपल्यासारखीच २३० व्होल्ट. पिनचं मात्र बघा. आपल्या मोबाईल चार्जरची बारीक गोल दोन पिनची असते ती जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड तिन्हीकडं बहुतेक ठिकाणी बसते, आपली तीन पिनची कुठंच बसत नाही. आणि जर्मनीत घेतलेली जाड गोल पिन स्वित्झर्लंडच्या सॉकेटात जात नाही, त्यामुळं मुलीनं तिथला अडॅप्टर दिला तरी बारीक पिनवाला चार्जर सोबत असू द्या.

कार्ड एकच मोठं घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन-तीन घ्या. वीस मेगापिक्सेलचा एक फोटो आठ एमबी धरला तरी एका कार्डावर आठ हजाराच्या आसपास मावतात, तेव्हा फोटोसाठी जागा कमी पडायची नाही, जागा खातो तो व्हिडिओ. ४के व्हिडिओ एका मिनिटाला साडेसातशे एमबीपर्यंत जातो, म्हणजे तेच कार्ड दीड तासाच्या आत भरतं. घरच्या टीव्हीवर बघायला साधा फुल एचडी पुरे, तोच ठेवा. कार्डावर व्ही३० (व्हिडिओसाठी लागणाऱ्या वेगाची खूण) लिहिलेलं बघून, बिलासकट, ओळखीच्या दुकानातनं घ्या, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, वरनं सारखीच दिसतात आणि भरत आली की जुने फोटो गिळतात. मुलीच्या लॅपटॉपवर दर आठवड्याला उतरवत जा, पण उतरवले म्हणून कार्ड पुसू नका, साताऱ्यात येईपर्यंत कार्डातलं कार्डातच राहू द्या.

तिकडं पोचलात की पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचं घड्याळ बदला, उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागं असते. न बदलता ह्यांच्या फोनचे आणि तुमच्या कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केले की जेवण आधी आणि सकाळ नंतर अशी सरमिसळ होते. जूनमधे श्टुटगार्टला सूर्य मावळतो साडेनऊच्या सुमाराला, तेव्हा आपल्यासारखं सातला फोटो बंद करू नका, तिकडचा सगळ्यात देखणा उजेड रात्री आठनंतरचा. आणि व्हॅटिकनला सिस्टिन चॅपेलमधे कॅमेरा काढायलाच मनाई आहे, तिथं नुसतं मान वर करून बघा, बाकी म्युझियममधे फ्लॅशशिवाय चालतं. फ्लॅश घरूनच बंद करून ठेवा.

स्वित्झर्लंडला तुम्हाला युंगफ्राऊयोखला नेतीलच, ३४५४ मीटर उंच, जुलैतही बर्फ. तिथं तीन गोष्टी. थंडीत बॅटरी निम्म्यावर येते, म्हणून जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. बर्फाचा फोटो कॅमेरा हमखास करडा काढतो कारण एवढं पांढरं बघून त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो स्वतःच कमी करतो, तेव्हा अधिक-उणे असं चिन्ह असलेली सेटिंग असते ती अधिक एकवर न्या, बर्फ पांढराशुभ्र येईल आणि ह्यांचा चेहरा काळा पडणार नाही. आणि बाहेरच्या गारठ्यातनं रेल्वेच्या गरम डब्यात शिरायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, दव पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही, अर्ध्या तासानं काढा.

शेवटचं कागदाचं. बिलाची झेरॉक्स सोबत ठेवा. किमती वस्तू नवी कोरी नेत असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं, म्हणजे परत येताना ही वस्तू इथनंच नेलीय हे सांगायला पुरावा राहतो. त्यासाठी तासभर लवकर जा.

प्रश्न: दादा, मी मिरजेचा. चुलतभाऊ अमेरिकेतनं सुट्टीला येतोय, तिथं कॅमेरा स्वस्त पडतो म्हणतात. त्याच्याकडनं मागवू का इथंच सांगलीत घेऊ? सप्टेंबरात आम्ही मित्र महिनाभर युरोपला जाणार आहे.

उत्तर: किमतीत फरक पडतो, पण हिशोब पूर्ण करा. अमेरिकेतल्या छापील भावावर तिथला सेल्स टॅक्स वेगळा लागतो, तो राज्याराज्यात वेगळा. शिवाय कॅमेऱ्याची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतला तिथलीच असते, इथल्या सर्व्हिस सेंटरला नेला तर सगळं पैसे देऊन. आतबाहेर सरकणाऱ्या लेन्सचा कॅमेरा असेल तर वॉरंटी ही नुसती कागदाची गोष्ट नाही, कारण बिघडतं ते तेच. मी तरी म्हणीन सांगलीत किंवा कोल्हापुरात बिलावर घे, भारताचं वॉरंटी कार्ड खोक्यात आहे का बघून. दुकानात स्वतःचं कार्ड घेऊन जा, काउंटरच्या खालच्या अंधाऱ्या कप्प्याचा फोटो काढ, दारातनं रस्त्यावरच्या पाटीचा झूम करून काढ, घरी येऊन बघ आणि मग ठरव.

भावाकडनंच आणलास तर मेनूत एक बघ, व्हिडिओ एनटीएससीवर (ही अमेरिकेतली पद्धत) असेल तर पाल (ही आपली आणि युरोपची) करता येतो का. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडं आणि युरोपात ५०, त्यामुळं अमेरिकन सेटिंगवर घरातल्या लाइटखाली काढलेल्या व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. बदलता येत नसेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवायचा, पट्टे जातात.

प्रश्न: सर, मी तासगावची, इंजिनिअरिंग झालंय, कंपनीतर्फे वर्षभर जपानला चाललेय. सगळे म्हणतात रिको जीआर ३ घे, खिशातला सगळ्यात भारी कॅमेरा. घेऊ का? आणि तिकडं जाऊनच घेतला तर?

उत्तर: भारी आहे यात वाद नाही. बॅटरीसकट २५७ ग्रॅम आणि आत एपीएस-सी सेन्सर, म्हणजे वर बाईंना सांगितला त्या एक इंचीच्याही तिप्पट मोठा. पण त्याला झूम नाही, २८ मिलिमीटर एवढाच, जवळ घ्यायचं तर चालत जायचं. फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, बॅटरी दोनशे फोटोत संपते. गल्ली, माणसं, स्टेशनं, पावसातले दिवे असलं रोजचं टिपायचं असेल तर वर्षभर कंटाळा येणार नाही. फुजीसान, म्हणजे तो फुजी पर्वत, हॉटेलच्या खिडकीतनं मोठा दिसावा असं वाटत असेल तर हा घेऊ नकोस, किंवा मग २०२१ ला आलेला ४० मिलिमीटरचा जीआर ३ एक्स बघ, तो थोडा जवळ नेतो.

रिको जपानचीच कंपनी, तेव्हा तिथं जाऊन हातात घेऊन निवडलास तरी चालेल, वर्षभर राहणार आहेस, वॉरंटीही तिथंच वापरशील. मेनू इंग्लिशमधे होतो का ते दुकानातच करून बघ, कारण सोनीचे जपानसाठीचे कित्येक कॅमेरे फक्त जपानी मेनूचे येतात. चार्जरची पिन तिथं चपटी दोन पिनची, व्होल्टेज १००, आपली गोल पिन बसत नाही, एक अडॅप्टर तासगावातनंच घेऊन जा, पहिल्या रात्री दुकान शोधत फिरायला नको.